भावनिक फ्लॅशबॅक म्हणजे नेमकं काय? की आमचे हे नुसतेच रुसतात?

ओसरीवरून:
नमस्कार. पाच-सहा वर्षं नुसतीच वाचते आहे, धागा पहिलाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही लातूरला असतो. ह्यांचं वय ४१, खत-बियाण्याचं दुकान आहे. स्वभावाने शांत, सुपारीचंही व्यसन नाही, लेकीची वेणीफणी स्वतः करतात. गाव बीड जिल्ह्यातलं, धारूरकडचं. सासू-सासरे ऊसतोडीला जायचे, तेव्हा हे आणि धाकटी बहीण चुलत्याकडं राहायचे.

मागच्या रविवारी मी माहेरी अंबाजोगाईला गेले होते. सहापर्यंत येते म्हणाले होते. बस उशिरा मिळाली, त्यात मोबाईल बंद पडला. घरात पाय टाकला तेव्हा पावणेसात झाले होते. हे पलंगाच्या कडेला बसलेले, मांडीवर पिशवी. पिशवीत दोन शर्ट, टॉवेल, आधार कार्ड आणि बिस्किटाचा पुडा. मला म्हणाले, "मी जातो. तुम्हाला माझा त्रास होतो." मला ते कधी अहो-जाहो करत नाहीत. आवाजात राग अजिबात नव्हता, आणि चेहरा आठ-नऊ वर्षांच्या पोराचा. मी समजावत बसले, उशीर का झाला, बस कुठं थांबली, सगळं. जितकं समजावलं तितके आणखी गप्प झाले. सकाळी उठून चहा केला आणि म्हणाले, "कालचं सोडून दे, डोकं फिरलं होतं."

ही पहिली वेळ नाही. मागच्या वर्षी धनतेरसला असंच झालं, मी शेजारी फराळ द्यायला गेले आणि गप्पांत अडकले. त्याच्या आधी एकदा कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी. आणि एकदा संक्रांतीच्या आठवड्यात, तेव्हा मी झोपेतून उठवायचं नको म्हणून न सांगता दळण आणायला गेले होते.

पुण्याची मावसबहीण समुपदेशनाचा कोर्स करते. ती फोनवर म्हणाली, हा इमोशनल फ्लॅशबॅक असणार. पण हे म्हणतात, मला काहीच आठवत नाही, डोळ्यांपुढं काही येत नाही. मग तो फ्लॅशबॅक कसा? आणि त्या वेळी मी करायचं तरी काय?

आंबील:
पहिला प्रतिसाद माझा. जावई रुसतो हे ऐकलं होतं, स्वतःच्या घरात रुसणारा जावई पहिल्यांदाच बघतोय. :)
(गंमत बाजूला. बिस्किटाच्या पुड्यापाशी मी थांबलो.)

गुऱ्हाळवाले:
ताई, राग मानू नका, पण आजकाल जरा काही झालं की ट्रॉमा. काय बोलूलालाव राव तुम्ही लोक? आमच्या पिढीत कुणाचे मायबाप घरी होते? कुणी ऊसतोडीला, कुणी खडी फोडायला. आमचे वडील बहात्तरच्या दुष्काळात मिलो ज्वारी आणि सुकडीवर जगले. आजही ताटात भाकरीचा तुकडा राहिला तर ते उठत नाहीत. दुसऱ्याच्या ताटातला उचलून खातात. ह्याला पण फ्लॅशबॅकच म्हणायचं का? भाऊजींना दुकानाचा ताण असेल. उधारी थकली असेल. चार दिवस तुळजापूरला जाऊन या.

ओसरीवरून:
@गुऱ्हाळवाले, राग नाही. मलाही आधी उधारीच वाटली होती. पण उधारीचा माणूस आधार कार्ड पिशवीत भरतो का हो?

पांढरा_कोट:
मानसोपचारात काम करतो, जिल्ह्याच्या ठिकाणी. धाग्यावरून निदान करणार नाही, कुणीच करू नये. पण धागाकर्तीचा प्रश्न नेमका आहे, त्याचं उत्तर देता येतं.

फ्लॅशबॅक म्हटलं की लोकांना सिनेमातला आठवतो, पडदा हलतो आणि जुनी घटना दिसायला लागते. तसाही असतो. पण दुसऱ्या प्रकारात घटना येत नाही, त्या वेळची भावना तेवढी येते. तीही पूर्ण ताकदीनं. भीती, लाज, आपण कुणालाच नकोसे आहोत असं वाटणं. त्याबरोबर चित्र नसतं, आवाज नसतो, आणि मुख्य म्हणजे "हे जुनं आहे" ही जाणीवही नसते. त्यामुळे माणसाला वाटतं हे आत्ताचंच आहे. मग मन आत्ताचं कारण शोधतं आणि समोर जो असेल त्याच्यावर ते चिकटवतं. बायकोला उशीर झाला हे कारण हाताशी असतंच.

"इमोशनल फ्लॅशबॅक" हे काही आजाराचं नाव नाही, उपचार करणाऱ्यांत आणि त्यातून गेलेल्या लोकांत रूढ झालेला शब्द आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, आघातोत्तर तणावाचं (पीटीएसडीचं) वर्णन करताना हे धरलेलं आहे की प्रसंग स्पष्ट न आठवताही त्या वेळच्या तीव्र भावनांत माणूस बुडून जाऊ शकतो. त्याच यादीत कॉम्प्लेक्स पीटीएसडी ही वेगळी नोंदही पहिल्यांदा आली. एकाच अपघातापेक्षा लांबलेला, वारंवार झालेला, सुटका अवघड असलेला त्रास त्यामागं बहुतेक वेळा असतो. बालपणातला तर खासच.

मेंदूत काय होतं ते सोपं करून सांगतो. अमिग्डला म्हणजे दारातलं राखणीचं कुत्रं. चाहूल लागली की भुंकतं, कोण आलंय ते नंतर बघतं. हिप्पोकॅम्पस म्हणजे टपाल कचेरीतला कारकून, आठवणीवर गाव आणि तारखेचा शिक्का मारणारा. फार भीती असली, किंवा भीती रोजचीच झाली, की शिक्का नीट उमटत नाही. असं बिनशिक्क्याचं पत्र वीस वर्षांनी हातात पडलं तरी आजच आलंय असं वाटतं. मेंदू इतका सरळ नाही, पण घरच्यांना समजून घ्यायला एवढं पुरतं.

आंबील:
आमच्या गल्लीतलं राखणीचं कुत्रं पोस्टमनलाच चावलं होतं. म्हणजे उपमा एकदम फिट.

भूकंपपट्टा:
बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. पासवर्ड आठवत नव्हता.

किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. मी नऊ वर्षांचा. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून गाव उशिरा झोपलेलं. घर दगडमातीचं, भिंत दोन हात रुंद, वर लाकडं आणि त्यावर मातीचं माळवद. उन्हाळ्यात त्या घराला पंखा लागायचा नाही. तेच माळवद खाली आलं. मला काढलं तेव्हा नाकातोंडात माती होती. मग पाऊस लागला आणि त्या मातीचा चिखल झाला.

आता जूनमध्ये पहिली सर आली की सगळ्या ग्रूपवर मृद्गंध सुरू होतो. अहाहा, अत्तर, वगैरे. मी तेव्हा खिडक्या लावून घेतो आणि उदबत्ती पेटवतो. कारण तो वास आला की मला आजीचा हात दिसतो. कोपरापर्यंत. हिरव्या बांगड्या, दोन फुटलेल्या. दरवर्षी तेवढाच हात.

हे लिहायचं कारण सांगतो. मला कधी प्रश्न पडला नाही की मला काय होतंय. चित्रच दिसतं, मग शंका कशाची? वर माझ्याजवळ तारीख आहे. आख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे ती. दर ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी लोक जमतात, मानवंदना होते. मी त्या दिवशी गप्प बसलो तर बायको शेजाऱ्यांना सांगते, आज त्यांचा दिवस आहे. ताई, तुमच्या ह्यांच्या दुःखाला तारीख नाही. भिंत पडली नाही, पंचनामा झाला नाही, अनुदान आलं नाही. म्हणून त्यांचं त्यांनाही पटत नाही की काही झालं होतं.

नुसताच_वाचक:
_/\_

रातराणी_परभणी:
भूकंपपट्टा, शेवटची ओळ तीनदा वाचली.

गुऱ्हाळवाले:
भूकंपाची गोष्ट वेगळी. तिथं सुमारे दहा हजार माणूस गेलं, ५२ गावं नव्यानं वसवावी लागली. त्याची बरोबरी बायकोच्या पाऊण तासाच्या उशिराशी करायची नसते.

भूकंपपट्टा:
गुऱ्हाळवाले, बरोबरी मी केलेली नाही. ज्याचं मेलं त्यालाच बोलू द्या.
आणि एक सांगतो. आमच्या पट्ट्यातली बरीच लेकरं तेव्हा पुण्याजवळ वाघोलीला शिकायला नेली. त्यातला माझा एक मित्र आज मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याला भूकंपाचं काहीही होत नाही, पत्र्याखाली झोपतो, माळवदाखाली झोपतो. पण मेसमधलं ताट जमिनीवर पडल्याचा आवाज झाला की तो जागेवर उभा राहतो. भूकंपाच्या नंतर जे एकटेपण आलं, ते त्याला भूकंपापेक्षा जास्त लागलं. आता बोला.

टायरगाडी:
मी बोलतो. मी मागं राहिलेला नाही, बरोबर नेलेला.

आईबाप कोयत्यावर. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर देतो, माणसावर नाही.) पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर सहा हंगाम काढले. पाचटाची कोपी, आत वाकून जायचं. रात्री दोन-अडीचला गाडी भरायला ट्रक यायचा. हॉर्न वाजला की आई उठायची, माझ्या अंगावर गोधडी टाकायची आणि जायची. मी जागा असायचो. डोळे मिटून घ्यायचो, कारण मी जागा आहे हे तिला कळलं तर तिचा पाय अडकेल आणि मुकादम शिव्या देईल, हे मला सहाव्या वर्षी कळत होतं. मग उजाडेपर्यंत बाहेर जे काही हलेल ते बिबट्याच.

आज मी संभाजीनगरात एका कंपनीत आहे. ट्रकचा हॉर्न ऐकून मला काहीही होत नाही. होतं ते असं: साहेब केबिनमधून नुसतं "जरा या" म्हणाले की मी आत जाईपर्यंत माफी मागून झालेली असते. कशाची ते ठरलेलं नसतं. कुणाला नाही म्हणता येत नाही. तीन माणसांचं काम करतो, वर चहा मीच आणतो. सगळे म्हणतात किती गुणी आहे. उपचार घ्यायला लागलो तेव्हा कळलं की हे गुण नाहीत, हे अजून डोळे मिटून पडून राहणं आहे.

रातराणी_परभणी:
लढणं, पळणं, थिजणं हे तीन सगळ्यांना माहीत असतात. चौथा हा, समोरच्याची मनधरणी करून वाचणं. तो कुणाच्या लक्षात येत नाही, कारण सोयीचा असतो. बायकांत तर त्याला संस्कार म्हणतात.
धागाकर्तीच्या घरची पिशवी मात्र सरळ पळणं दिसतंय.

आंबील:
टायरगाडी, ह्या येळवशीला (वेळ अमावस्येला) आमच्या शेतात या. आंबील, भज्जी, उंडे, सगळं. चहा आम्ही आणू.

टायरगाडी:
येतो. कडब्याच्या कोपीत मात्र बसवू नका, बांधावर बसतो. :)

गुऱ्हाळवाले:
भज्जीत ह्या वर्षी तुरीच्या शेंगा कमीच पडणार. आमच्याकडं तूर अतिपावसानं गेली.

नुसताच_वाचक:
भज्जीत चिंच किती घालावी यावर वेगळा धागा आहे. तिथं दीडशे प्रतिसाद झालेत आणि दोन जण कायमचे निघून गेलेत. कृपया मूळ विषयावर या.

फळा_खडू:
मूळ विषयावर येते. बीड जिल्ह्यात शिक्षिका आहे, एकवीस वर्षं. धागा काल रात्री वाचला आणि झोप लागेना, म्हणून पहिली पोस्ट पुन्हा उघडली.

ओसरीताई, तुम्ही दिलेले दिवस एका ओळीत मांडा. कोजागिरी, धनतेरस, संक्रांत. हा रविवारही दसऱ्यानंतरचाच. चैत्र-वैशाखातला एकही प्रसंग तुम्ही लिहिला नाही. असला तर सांगा, मी माघार घेते.

आमच्या शाळेचा पट दसऱ्यानंतर उतरायला लागतो आणि गुढीपाडव्याच्या सुमारास भरतो. दसरा झाला की गावात ट्रॅक्टर येतात, मागे दोन ट्रॉल्या. त्यात पातेली, गोधड्या, खुराड्यातल्या कोंबड्या, एखादी शेळी, आणि त्या सगळ्यावर माणसं. आता मागं राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात, तेव्हा तीही सगळीकडं नव्हती. ज्यांना आजी-आजोबा असतात त्यांचं बरं, नाहीतर चुलता, मामा.

आणि गाड्या निघतात त्या बहुतेक रात्री. लेकरं झोपेत असताना. रडारड नको म्हणून. सकाळी ते लेकरू उठतं तेव्हा माय नसते, चूल गार असते. असं एक लेकरू पहिल्या तासाला माझ्या वर्गात यायचं आणि दर पाच मिनिटांनी दाराकडं बघायचं. मी त्याला आठवडाभर दारापाशी बसवलं. एवढंच मला सुचलं.

तुम्ही दळणाला गेलात ते न सांगता, ते झोपेत असताना. मला एवढंच म्हणायचं होतं.

ओसरीवरून:
हात थरथरायलेत, नीट लिहिता येत नाही.
चैत्र-वैशाखातला एकही नाही. उन्हाळ्यात मी दहा दिवस माहेरी राहते, तेव्हा हे स्वतः बसमध्ये बसवून देतात. कधी काही झालं नाही.
आणि अजून एक. हे रात्री दोनदा उठून दाराची कडी बघतात. मी म्हणायचे, आपल्याकडं चोरानं न्यायला आहे काय?

पांढरा_कोट:
फळा_खडू, निरीक्षण मोलाचं आहे. पण ओसरीताई, एक विनंती. हा शोध त्यांच्या अंगावर टाकू नका. "मला कळलं तुम्हाला काय झालंय" असं बायकोनं सांगणं बऱ्याचदा वरवंट्यासारखं लागतं. शिवाय ऋतू, दिवस, उजेड, वास हे संकेत असू शकतात, असतीलच असं नाही. त्यांचं कोडं त्यांनी सोडवायचं. तुम्ही फक्त शेजारी बसायचं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, त्या वेळी काय करायचं.

समजावू नका. बसची वेळ, मोबाईलची बॅटरी, हे सगळं तर्काचं आहे, आणि त्या क्षणी तर्क करणारा भाग जवळपास बंद असतो. तुम्ही जितकं स्पष्टीकरण देता तितकं त्यांना वाटतं की आपली सुनावणी चाललीय. कमी बोला, हळू बोला. उभ्या असाल तर बसा, त्यांच्या बाजूला, दार अडवून नको. हात लावायच्या आधी विचारा. "मी आलेय. मी इथंच आहे" एवढं पुरे. मग आत्ताच्या गोष्टी. पायाखालची फरशी गार लागते का, समोर काय काय दिसतं, बाहेर कोणता आवाज येतोय. पाण्याचा तांब्या हातात द्या, प्यायलाच हवं असं नाही. श्वास बाहेर सोडताना लांबवला की शरीर उतरायला मदत होते, पण डोळे मिटायला लावू नका, काहींना त्यानं जास्त भीती वाटते.

ओसरल्यावर लगेच खोदू नका. एक-दोन दिवसांनी, दोघांचं पोट भरलेलं असताना, विचारा की पुढच्या वेळी मी काय केलेलं चालेल. त्यांनी सांगितलेलं इथल्या सगळ्या प्रतिसादांपेक्षा वरचढ.

आणि उपचार आहेत. आघातावर केंद्रित सीबीटी (बोलून विचार आणि वागण्यावर काम करणारा उपचार) आणि ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं करायचा उपचार) या दोन पद्धती जागतिक आरोग्य संघटनेनं आघातोत्तर तणावासाठी २०१३ सालीच सुचवलेल्या आहेत. लांबलेल्या आघातात आधी माणसाला स्थिर करायचं, जुनं नंतर, आणि त्याच्या गतीनं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. "मी जातो" याचा अर्थ घर सोडून जातो की जीवनच सोडून, हे मात्र शांत वेळी सरळ शब्दांत विचारा. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. तसं काही निघालं तर वाट बघायची नाही.

रातराणी_परभणी:
डॉक्टर, सगळं मान्य. पण एका मुद्द्यावर भांडते.
माझा पहिला नवरा मारायचा. मारून झाल्यावर रडायचा आणि बापानं त्याला विहिरीत उलटं टांगलं होतं ते सांगायचा. ते खरं होतं, गावानं बघितलेलं. आणि मी चार वर्षं त्याच्या विहिरीची कीव करत मार खाल्ला. तेव्हा हा शब्द नव्हता, असता तर मी आणखी चार वर्षं खाल्ला असता. म्हणून म्हणते, समजून घ्या, पण कुणाच्या जुन्या जखमेला आपला गाल देऊ नका. ओसरीताईंच्या घरात तसं काही दिसत नाही. पण हा धागा उद्या दुसरी कुणीतरी वाचेल, तिच्यासाठी लिहून ठेवते.

पांढरा_कोट:
भांडण नाहीच. फ्लॅशबॅक हे स्पष्टीकरण आहे, परवाना नाही. सुरक्षितता आधी. हे मीच लिहायला हवं होतं, राहिलं.

गुऱ्हाळवाले:
मग आमच्या वडिलांच्या भाकरीच्या तुकड्याचं काय ते कुणीच सांगितलं नाही.

टायरगाडी:
काका, मी सांगू? तुकडा खाताना वडील कसे असतात? शांत? की हात कापतो?

गुऱ्हाळवाले:
शांत असतात. खाऊन वर म्हणतात, माझ्या वाटचं होतं.

टायरगाडी:
मग ती मला शिकवण वाटते. भूक त्यांना आठवते आणि ती बहात्तरची आहे हेही त्यांना ठाऊक आहे. शिक्का नीट बसलेला आहे.

गुऱ्हाळवाले:
हं.
एकदा लग्नात उष्ट्याच्या पिंपात भात टाकताना बघितला आणि मांडवामागं जाऊन बसले होते. दोन तास. कुणाशी बोलेनात. आम्ही म्हटलं, ऊन लागलं.

नुसताच_वाचक:
आमच्याकडं असं झालं की "बाहेरचं" म्हणायचे आणि भगताकडं न्यायचे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतर भगत सावध झालेत, पण लोक अजून विचारतात कुठल्या अमावस्येला झालं. फळा_खडू बाईंनी पण शेवटी दिवसच मोजले, पण काय फरक आहे बघा.

ओसरीवरून:
तीन आठवडे झाले, येते म्हणून आलेच नाही. क्षमस्व.

डॉक्टर म्हणाले तसं ह्यांना काहीच सांगितलं नाही. पण सासूबाई दिवाळीला आल्या होत्या, त्यांच्याजवळ विषय काढला. टोचून नाही, नुसतं विचारलं की आई, तुम्ही रात्रीच का निघायचा? त्या करंज्या कातत होत्या. हातातलं कातणं तसंच राहिलं. म्हणाल्या, "सांगून निघावं तर पाय निघत न्हवता माय. एका साली हा ट्रॅक्टरमागं पळत आला, फाट्यापर्यंत. मुकादमानं गाडी थांबवली न्हाई. त्याच्यानंतर झोपेतच निघायलो." पुन्हा करंज्या कातायला लागल्या. माझी काही विचारायची हिंमत झाली नाही. दोघीही डोळे पुसत होतो आणि दोघीही कांदा नसताना कांद्याचं नाव घेत होतो.

दुसरी गोष्ट नणंदेकडून कळली, न विचारता. ती सहज बोलून गेली की चुलती कावली की दादाला म्हणायची, "तुमचा लई त्रास होतो, जा तुमच्या मायबापाकडं." आणि दादा खरंच पिशवी भरून पायरीवर बसायचा. मला तेव्हा कळलं, हे मला अहो-जाहो का करत होते. ते माझ्याशी बोलतच नव्हते. "तुम्हाला माझा त्रास होतो" हे चुलतीला होतं.

ह्यांना मी एकच विचारलं, शांतपणी. मला उशीर झाला तर काय केलेलं चालेल? बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "किती वाजता ते लिहून ठेवत जा. आणि मी झोपलो असलो तरी उठवून सांगत जा. शिव्या देईन, पण उठव." आता कॅलेंडरवर लिहिते. १४४१६ चा कागद दुकानाच्या गल्ल्यात ठेवलाय, त्यांनीच ठेवला. फोन केला की नाही, विचारलं नाही.

आणि परवा, शनिवारी, परीक्षाच. आईला बरं नव्हतं म्हणून अंबाजोगाईला गेले. कॅलेंडरवर लिहिलं "सात". येताना बर्दापूर फाट्याच्या पुढं बस पंक्चर. कंडक्टरच्या फोनवरून कळवलं, माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून माझ्याही फोनवरून कळवलं. हे "बरं" म्हणाले. मग सात वेळा फोन. कुठपर्यंत आलीस? रेणापूर आलं का? मी दरवेळी सांगितलं. सहाव्यांदा थोडी चिडलेही, खोटं कशाला बोलू.

घरी आले तर लेक अभ्यास करत होती. पिशवी खुंटीवर होती. ह्यांच्या चपला मात्र दारात, तोंड रस्त्याकडं करून ठेवलेल्या. मी माझ्या चपला काढून त्यांच्याशेजारी ठेवल्या आणि आत गेले. वरण उतू गेलं होतं, गॅसवर सगळं पिवळं. ओरडले नाही.

भूकंपपट्टा:
वाचलं.

फळा_खडू:
आमचा पट ह्या आठवड्यात एकोणचाळीसवरून सतरावर आला. दारापाशी दोन बाक टाकलेत.

गुऱ्हाळवाले:
ताई, बस शेवटी लातूरला लागली कितीला?

ओसरीवरून:
सात बावन्नला, काका. स्टँडवर हे उभे होते असं लिहिणार होते, पण नव्हते. घरीच होते.